एलसीबाईची मराठी

एलसीबाईला मराठी मी शिकवली. हे मी मिरवायला सांगत नाही. मागच्या महिन्यात चर्चमधली दोन तरुण पोरं घरी आली होती. त्यांना स्मरणिका काढायची आहे. "आजी, तुम्ही मिस एलसींच्या शिक्षिका होतात ना? त्यांच्या काही गोड आठवणी सांगा," म्हणाली. मी म्हटलं, गोड पाहिजे असेल तर डब्यात बुंदीचे लाडू आहेत, ते खा. माझ्याकडच्या आठवणी तिखट आहेत, तुमच्या स्मरणिकेला झेपायच्या नाहीत. पोरं हसली, लाडू खाल्ले, माझा एक फोटो काढला आणि गेली. ती गेल्यावर माझाच मला संताप आला. इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले म्हणून तर गोड आठवणी मागायची यांची हिंमत होते. तेव्हा आता लिहिते. ज्यांना गोड पाहिजे त्यांनी इथंच थांबावं.

आमची खोली छावणीच्या अंगाला, मिशनच्या कंपाउंडात होती. शहराचं नाव आता बदललं आहे. पाकिटावर मी नवं लिहिते आणि तोंडात जुनं येतं, दोन्हीचा मला काही त्रास नाही. कंपाउंडात मध्ये गोऱ्या मिशनरी साहेबांचा मोठा बंगला, एका कडेला चर्च, आणि मागं भिंतीला लागून आम्हा लोकांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग. माझी आई, सगुणाबाई, बंगल्यात स्वयंपाक करायची. मी तिला माय म्हणायची. वडील, म्हणजे दादा, लासूर स्टेशनच्या मोंढ्यात मापाडी होते, शनिवारच्या गाडीनं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मी अठरा वर्षांची, सातवीची फायनल पास झालेली, आणि माझ्या पाठीवर चार लेकरं जाऊन पाचवी वाचलेली कृपा, दीड वर्षाची. माय बंगल्यात कटलेट करायची, सूप करायची, दुधातली कसली तरी थुलथुलीत खीर करायची जिला ते पुडिंग म्हणायचे, आणि घरी येऊन आमच्यासाठी भाकरी थापायची. येसराची आमटी, भाकरी, वर कच्चा कांदा. बंगल्यातलं उरलेलं कधी तिनं घरात आणलं नाही. "मिळमिळीत हाय ते, आजारी माणसाचं," म्हणायची.

आमच्या खोलीमागच्या भिंतीला एक खिंडार पडलेलं होतं आणि त्या खिंडारापलीकडं रहिमतबी राहायची. आम्ही तिला खालाबी म्हणत असू. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती गुलमंडीपर्यंत घरोघर फिरायची. पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात ती तीन दिवस आमच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं बसून होती. माय दाराशी भाकरी थापत बसली होती आणि कुणी विचारलं तर "हितं कोन न्हाय बाप्पा, मी अन् माझी पोर," एवढंच सांगत होती. खालाबीचा थोरला त्या धामधुमीत हैदराबादकडं गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून ईदला भिंतीच्या खिंडारातून नान-खलियाचं भगुणं इकडं यायचं आणि नाताळाला करंज्यांचं ताट तिकडं जायचं. हे असं होतं. यात आम्हाला कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं.

आता कंपाउंडाचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. चर्चच्या दारामागं पुठ्ठ्यावर लिहून लावलेले नियम होते. दारू नको, जुगार नको, घरात मूर्ती नको, आणि नवस, ताईत, गंडादोरा, दर्गा, मरीआई यातलं काही नको. कुणी मोडला की पहिल्यांदा त्याचं प्रभुभोजन बंद. मग मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यायची. कबुली दिली नाही तर काम गेलं आणि खोलीही गेली. आजच्या पोरांना वाटेल, प्रभुभोजन बंद म्हणजे काय मोठंसं, पावाचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. अरे, माझ्या आजीला गावच्या विहिरीवर घागर लावू देत नव्हते. वरून कुणीतरी पाणी ओतेपर्यंत ती दुपारभर उन्हात उभी राहायची. तिची लेक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्या साहेबाच्या मडमेशेजारी गुडघे टेकायची आणि मडमेनं ज्या प्याल्याला ओठ लावले त्याच प्याल्याला ओठ लावायची. मायनं बायबल स्वतः कधी वाचलं नाही, तिला वाचता येतच नव्हतं. पण तो प्याला तिला वाचता येत होता. त्या दिवशी ती न्हाऊन, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, सकाळपासून पाणीसुद्धा न पिता जायची.

अशात ही एलसीबाई आली. तेवीस वर्षांची, उन्हानं लाल झालेली, तिच्या देशात बापाची मेंढरं होती म्हणे. मिशनचा रिवाज असा की नव्या माणसानं पहिलं वर्षभर दुसरं काही करायचं नाही, फक्त भाषा शिकायची. वर्षाअखेर लेखी परीक्षा आणि शेवटी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर, हातात कागद न धरता, मराठीत बोलायचं. नगरकडून एक म्हातारे शास्त्री परीक्षक म्हणून यायचे आणि पहिल्या बाकावर बसून ऐकायचे. पास झालं तर पुढं काम, नाहीतर आणखी सहा महिने अ आ इ ई. नव्या माणसांना भाषा शिकवणाऱ्या जुन्या मुनशींना ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून मला नेमलं. सकाळी दोन तास, बंगल्याच्या व्हरांड्यात. मला काय वाटलं सांगू? आभाळ ठेंगणं झालं. आई मागच्या दारानं आत जाते आणि मी पुढच्या दारानं, खुर्चीवर बसते, आणि गोरी बाई मला "एस्तरबाई" म्हणते. त्या "बाई"नंच घात केला माझा.

ती मेहनती होती, हे खोटं कशाला बोलू. पहाटे कंपाउंडात रुळाच्या तुकड्यावर टोले पडायचे, पलीकडं मशिदीतली बांग संपायची, आणि लगेच बंगल्याच्या वरच्या खिडकीतून ट, ठ, ड, ढ सुरू. रांगेतली पोरं अंगणात दात घासता घासता तिच्यामागं ओरडायची. ती चिडत नसे, उलट खिडकीतून हात हलवायची. पाणी उकळून पिणार, मच्छरदाणी चार बाजूंनी खोचून निजणार, आणि मायच्या चुलीपुढं मात्र फतकल मारून बसून भाकरी-ठेचा खाणार, नाकाडोळ्यातून पाणी काढत. "लई तिखट, पण लई चांगले," म्हणायची. घरून पत्र आलं की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन रडायची. मला तिची माया वाटायची. ती माझी मैत्रीण आहे असं मला वाटायचं. आज मी माझ्या त्या अठरा वर्षांच्या थोबाडीत मारली असती.

तिची शिकायची रीत तिनंच काढलेली होती. रोज मी आमच्या घरातला आदला दिवस तिला सांगायचा. उठलो कधी, खाल्लं काय, कोण आलं, कोण काय बोललं. ती वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेच मला बोलून दाखवायची. पुस्तकातला "राजा शिकारीला गेला" तिला नको होता. "मला घरातली भाषा पाहिजे, एस्तरबाई. जशीच्या तशी." मग मी दादांचा आवाज काढायची, खालाबीचा काढायची, मायचा काढायची. मला नकला छान यायच्या आणि ती हसून हसून टेबलावर डोकं टेकवायची. परीक्षेला पुस्तकी मराठी लागणार म्हणून मी ती वेगळी शिकवत होते, पण तिचा जीव या घरच्या बोलीतच. माझ्या नातीच्या फोनमध्ये आता एक बाई तिला जपानी शिकवते. रोज विचारते, काल तू काय केलंस? मी नातीला सांगितलं, घरातलं खरं काही सांगू नकोस हो तिला. नात म्हणाली, आजी, ते मशीन आहे. असू दे म्हटलं मशीन.

त्या हिवाळ्यात कृपाला डांग्या खोकला झाला. ज्यानं ऐकला नसेल त्याला काय सांगावं! लेकरू खोकत खोकत श्वास ओढायचं, ओठ निळे पडायचे, डोळे पांढरे व्हायचे, आणि मग एवढीशी मान मायच्या खांद्यावर टाकायचं. मिशनच्या डॉक्टरीणबाई सहा महिन्यांच्या रजेवर त्यांच्या देशी गेलेल्या. दवाखान्यात कंपाउंडर एकच लाल औषध सगळ्यांना द्यायचा, डोकं दुखो की पाय. पाळकसाहेब एकदा दारात उभे राहून प्रार्थना करून गेले, आत आले नाहीत, त्यांच्या घरात लहान मूल होतं. एलसीबाई मात्र आली, मधाची बाटली घेऊन आली, पाळण्याशी गुडघे टेकून तिच्या भाषेत प्रार्थना केली. तिसऱ्या आठवड्यात कृपाच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. माय बंगल्यात सूप ढवळायची आणि कान आमच्या खोलीकडं. दादा लासूरला. आधीच्या चार लेकरांची चार मातीची ढेकळं माझ्या मायनं कबरस्तानात टाकली होती. पाचव्यांदा तिच्यानं ते झालं नसतं.

एका दुपारी खालाबी खिंडारातून आत आली, पाटी खाली ठेवली आणि कृपाला मांडीवर घेतलं. "या अल्ला, पोट्टी की हड्डियाँ गिनने कू आरी. सगुणा, जुम्मेरात कू मेरे संगात चल. दौलताबाद के पुढं बाबा का दर्गा है, वहाँ की ऊद सुंगाते, ताईत बांदते. कित्ते बच्चे अच्छे हुए मेरे आँखों के सामने." माय म्हणाली, "नको गं बाई, आमच्यात चालत न्हाय. प्याला बंद व्हईल माझा." खालाबी म्हणाली, "चालता नहीं तो नक्को चल. मैं अकेली लेके जाती बच्ची कू. तू क्या बी देखी नहीं." कृपाला उबळ आली. ती उबळ संपली तेव्हा माय उठली आणि पेटीतून शाल काढली.

तर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, आम्ही तिघी कृपाला घेऊन टांग्यानं गेलो. मी दाराशी बसून चपला राखल्या. आत ऊद जळत होता, मुजावरानं मोरपिसाचा झाडू कृपाच्या डोक्यावरून फिरवला, काळ्या दोऱ्यातला ताईत खालाबीनं तिच्या कमरेला बांधला, झबल्याच्या आत, दिसू नये असा. मग मायनं पदर पसरला. ती काय बोलली ते मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं, कारण मायला हळू बोलता यायचंच नाही. ती म्हणाली, "बाबा, मी तुमची नव्हं. मी येशूची हाय, खोटं कशाला बोलू. पण लेकरू बुडतंय. आता तुमी दोघं आपसांत बोलून घ्या, अन् ज्याला जमंल त्यानं वाचवा." खालाबीनं वाटीभर मलिदा आमच्या हातावर ठेवला. परतताना माय घाटभर रडत होती. आणि आठ-दहा दिवसांत कृपाचा खोकला उतरला. खोकल्याची मुदतच संपली असेल. मधानं उतरला असेल. मला ठाऊक नाही आणि मी त्यावर भांडत बसणार नाही.

आणि मी एलसीबाईला ते सांगितलं. तिनं विचारलं, "काल काय केले?" आणि मी सांगितलं. का सांगितलं? लाख वेळा स्वतःला विचारलं. तिनंही कृपासाठी गुडघे टेकले होते म्हणून सांगितलं. तिच्यावर माझा विश्वास होता म्हणून सांगितलं. आणि खरं कारण याहून हलकं आहे. गोष्ट फार चांगली होती आणि मला नक्कल करून दाखवायची होती. "कुणाला सांगायचं नाही हं," असं मी आधी म्हटलं. ती म्हणाली, "वर्गातले वर्गात." मग मी पदर पसरून मायचा आवाज काढला, "तुमी दोघं आपसांत बोलून घ्या." एलसीबाई त्या दिवशी हसली नाही. डोळे पुसले आणि विचारलं, ऊद कसा लिहायचा? मुजावर म्हणजे कोण? मलिदा कशाचा करतात? मी एकेक शब्द अक्षर लावून सांगितला. माझ्या अक्षरासाठी मला शाळेत बक्षीस मिळालेलं होतं.

पुढच्या दीड-दोन महिन्यांत ती सुटी सुटी वाक्यं तपासायला आणायची. आज एक, चार दिवसांनी दुसरं. "घाबरलेली आई काळोखात हात पसरते, हे बरोबर आहे?" मी म्हटलं, पसरते नको, चाचपडते म्हणा. "तिचे प्रेम खरे होते पण तिचा रस्ता चुकला, यात पण बरे की परंतु?" मी म्हटलं, पण बरं, बोलताना परंतु जड वाटतं. एकदा मी विचारलं सुद्धा, ही वाक्यं कशातली? ती वहीत बघत म्हणाली, "सरावासाठी." तिनं वर बघितलं नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तिला माहीत होतं, तेव्हाच माहीत होतं, आणि हे मी कुणाच्या स्मरणिकेसाठी पुसून टाकणार नाही.

तो रविवार आला. मायनं आदल्या दिवशी दोन पराती करंज्या तळल्या होत्या, चर्चनंतरच्या चहासाठी. "आपल्या घरची परीक्षा हाय," म्हणाली आणि कृपाला नवं झबलं घातलं. दादा पण शनिवारच्या गाडीनं आलेले होते. आम्ही दुसऱ्या बाकावर बसलो. पहिल्यावर नगरचे शास्त्री, मोठे साहेब, पाळकसाहेब. एलसीबाई पांढरी साडी नेसून उभी राहिली, सुरुवातीला आवाज कापत होता, मग स्थिर झाला. देवाच्या प्रीतीवर बोलली, मेंढरांवर बोलली. मी प्रत्येक वाक्याला मनात मान डोलावत होते. आणि मग ती म्हणाली, "मी एक आई पाहिली आहे. ती आपल्याच अंगणात राहते. तिचे लेकरू खोकत होते." ऊद आला, मुजावर आला, मलिदा आला, सगळे उच्चार ठाकठीक. ती घाबरलेली आई काळोखात चाचपडली. आणि मग एलसीबाईनं स्वतःचा पदर पसरला आणि माझ्या मायच्या आवाजात, हुबेहूब, म्हणाली, "तुमी दोघं आपसांत बोलून घ्या."

चर्च हसलं. दीडशे माणसं हसली. शास्त्रीबुवा मांडीवर हात मारून हसले. आणि हसू ओसरता ओसरता एकेक मान आमच्या बाकाकडं वळायला लागली, कारण कंपाउंडात खोकलेलं लेकरू एकच होतं आणि असं बोलणारी बाईसुद्धा एकच होती. दादा खाली बघत होते. माय सरळ समोर बघत होती. ती हसली नाही, रडली नाही, फक्त कृपाला मांडीवर जवळ ओढून घेतलं आणि तिच्या कमरेवर हात ठेवला. एलसीबाई पुढं म्हणाली, अशा आयांसाठी आपण प्रार्थना करू या, त्यांना दूर लोटू नका. हो, म्हणाली ती तेही. तिला वाटलं तेवढं म्हटलं की झालं.

चहाच्या वेळी मायनं करंज्या वाटल्या. प्रत्येकासमोर परात धरली आणि प्रत्येकानं तिच्या तोंडाकडं न बघता करंजी उचलली. शास्त्रीबुवा माझ्याकडं आले आणि म्हणाले, "वा मुली! परदेशी माणसाच्या तोंडून इतकं जिवंत मराठी मी ऐकलेलं नाही. शिकवावं तर असं." पाळकीणबाई म्हणाल्या, एक चूक काढायला जागा नव्हती. मेल्यांनो, चूक काढायला जागा नव्हती? माझ्या आईला भर चर्चात उघडं केलं आणि तुम्ही विभक्ती बघत होतात! मी हे बोलले नाही. मी "थँक्यू" म्हणाले. त्या "थँक्यू"ची मला आजसुद्धा किळस येते.

मंगळवारी संध्याकाळी मंडळीच्या पंचांनी मायला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. मलाही बोलावलं, एलसीबाई होतीच, रडून डोळे सुजलेले. ती आल्या आल्या म्हणाली, "मी नाव घेतले नाही. कृपा करून समजून घ्या, मी नाव घेतले नाही." कुणी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. तिची परीक्षा झालेली होती. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "मिस एलसीला ही गोष्ट तू सांगितली?" मी वाटेतच ठरवलं होतं काय बोलायचं ते. धड्यासाठी रचलेली गोष्ट होती, असं काही झालंच नाही, मी बनवून सांगितलं, असं म्हणणार होते. मग मार मला बसला असता, माझी मुनशीगिरी गेली असती, पण मायचा प्याला राहिला असता. मी म्हटलं, "साहेब, ते धड्यासाठी मी..." आणि मायनं माझा हात धरला. "लेकराला खोटं बोलाया लावू नका," ती म्हणाली. "म्या गेले व्हते. म्याच बांधला ताईत. अजून हाय तिच्या कमरंला."

पाळकसाहेबांनी मान हलवली. ते तसे वाईट नव्हते, सोपा मार्ग काढायला बघत होते. म्हणाले, "सगुणाबाई, येत्या रविवारी मंडळीसमोर उभं राहा. ताईत इथं टेबलावर ठेवा आणि एवढंच म्हणा, शेजारच्या बाईच्या तोंडून सैतान बोलला आणि मी फसले. दोन वाक्यं. मग सगळं मिटलं." मायनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी चुकले म्हनंन. धा वेळा म्हनंन. ताईतबी काढून देईन, लेकरू आता बरं हाय. पण रहिमतबीला सैतान म्हननार न्हाय." मोठे साहेब म्हणाले, शब्दाला एवढं काय धरून बसता? माय म्हणाली, "शब्दालाच तर धरलं तुमी मला." पाळकसाहेबांचा आवाज चढला. "मग खोली जाईल, बाई. काम जाईल. प्याला जाईल. विचार करा." मायचा चेहरा प्याल्याचं नाव निघाल्यावर हलला, मी बघितलं. "लेकरू निळं पडत व्हतं तवा तुमी दारातून परत गेलते," ती म्हणाली. "ती खिंडारातनं आत आली व्हती. आता तुमीच सांगा, कुनाच्या तोंडून कोन बोललं." आणि उठून बाहेर आली.

खोलीकडं येताना अंगणात अंधारून आलं होतं. मी मागून चालत होते आणि ती आता मला मारेल, शिव्या देईल, याची वाट बघत होते. ती चुलीपुढं बसली, पीठ काढलं, आणि मळता मळता, माझ्याकडं न बघता, एकदाच म्हणाली, "इस्तर, घरातलं बाहेर नेऊ नाय, एवढंबी शिकवलं नव्हतं का गं म्या तुला?" मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पिठाचा हात माझ्या केसांवरून फिरवला आणि म्हणाली, "ऊठ, तवा सरकव इकडं." त्यानंतर मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, माझं ओझं तरी हललं असतं.

त्या रविवारी ती उभी राहिली नाही, आणि पुढच्या शनिवारी आम्ही लासूरला निघालो. खालाबीला मायनं खरं कारण सांगितलंच नाही. दादांना तिकडं घर मिळालं, एवढंच सांगितलं. खालाबीनं आम्हा मायलेकींच्या हातात बांगड्या भरल्या, पैसे घेतले नाहीत आणि दर वेळेस पाहुण्याला बजावावं तसं "आते रहो गे" म्हणाली. माय लासूरच्या घरात रोज प्रार्थना करायची, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. पण प्याल्याला तिचे ओठ पुन्हा लागले नाहीत. पुढं तिकडच्या पाळकांनी स्वतः बोलावलं, जुनं झालं म्हणाले, या. माय म्हणाली, "आता सवय मोडली, साहेब." महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र ती सकाळी पाणी प्यायची नाही. दुपारपर्यंत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि "काल घरी काय झालं ते लिहा" असा निबंध एकाही वर्गाला कधी घातला नाही.

एलसीबाई पुढं फार नावाजली गेली. खेड्यापाड्यांत फिरली, मराठीत बोलायची तेव्हा माणसं ऐकत राहायची, असं सगळे सांगतात, आणि खरं असणार. मला तिची पत्रं यायची, वर्षाला दोन-तीन, टपोऱ्या अक्षरात, एकही काना-मात्रा इकडची तिकडं नाही. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आता म्हातारपणी माणसं मला क्षमेवर प्रवचन देतात. क्षमा मायनं केली. ती तिची होती, तिला करायची होती, तिनं केली. मला त्यात वाटा कशाला घ्यायला लावता?

निघायच्या दिवशी टांग्यात सामान चढलं होतं. ट्रंक, पिठाचा डबा, कृपाचा पाळणा उलटा घालून. रांगेतल्या खोल्यांची दारं लोटलेली, फटींतून डोळे. एलसीबाई बंगल्यातून धावत आली, डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती, भर उन्हात. मायपुढं उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "सगुणाबाई, मी तुमचे फार मोठे नुकसान केले. मला क्षमा करा." माय तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "केली बाई. जा आता सावलीत, लाल झालीस." आणि टांग्यात चढून कृपाला मांडीवर घेतलं. एलसीबाई माझ्याकडं वळली. तिची मराठी त्या दिवशीसुद्धा चुकत नव्हती. "एस्तर," ती म्हणाली, "तू माझ्याशी बोलणार नाहीस का? एक शब्द तरी बोल."

मी टांग्यात चढले, मायशेजारी बसले, आणि एलसीबाईच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "मला मराठी येत नाही."